काँक्रीटची नाडी



घर बांधणाऱ्याच्या हातात पूर्वापार दोन साधने चालत आली आहेत. एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. दोरीच्या टोकाला बांधलेले ते वजन भिंत सरळ उभी आहे की कलली आहे ते सांगते, आणि पाणसळीतला बुडबुडा जोते सपाट आहे की नाही ते दाखवतो. गवंडी कितीही नावाजलेला असो, ओळंब्यापुढे त्याचा शब्द चालत नाही. आज ज्या नव्या साधनांविषयी मी बोलणार आहे ती या ओळंब्याचीच नातवंडे म्हणायची. इंग्रजीत त्यांना सेन्सर म्हणतात, मराठीत आता संवेदक हा शब्द रुळू लागला आहे. फरक इतकाच की ओळंबा पाहायला माणसाला भिंतीजवळ उभे राहावे लागते. ही नातवंडे मात्र जिथे माणूस जाऊच शकत नाही अशा ठिकाणी, ओतलेल्या काँक्रीटच्या पोटात, खोल खड्ड्याच्या भिंतीत, उंच यारीच्या टोकावर, रात्रंदिवस बसून राहतात आणि तिथली खबर बिनतारी मार्गाने मुकादमाच्या किंवा इंजिनिअरच्या मोबाइलवर पाठवतात.

मी स्वतः इंजिनिअर नव्हे. भूगोल शिकवणारा एक मास्तर. परंतु ऊन, थंडी, पाऊस, जमिनीखालचे पाणी हा आमच्या विषयाचा रोजचा संसार आहे, आणि बांधकामावरचे बहुतेक संवेदक मोजतात ते नेमके हेच. म्हणून या विषयात थोडे शिरण्याचे धाडस करतो.

आधी आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. स्लॅब पडतो. खडी, वाळू, सिमेंट कालवले जाते, घमेली हातोहात वर जातात, संध्याकाळपर्यंत सारे काम आटोपते. दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवतात. मग प्रश्न येतो तो असा की, सेंट्रिंग काढायचे कधी? खालचे टेकू, बल्ल्या, प्लेटा भाड्याने आणलेल्या असतात. रोजचे भाडे चढत असते. ठेकेदाराला दुसरे काम खोळंबलेले असते. कुणी म्हणतो, आठ दिवस झाले, काढा. कुणी म्हणतो, आमच्या वडिलांच्या वेळी एकवीस दिवस ठेवले होते. हे सारे दिवसांवर चालते. आणि काँक्रीट तर दिवस मोजत नाही!

मग ते काय मोजते? पुष्कळांची समजूत अशी असते की काँक्रीट वाळले म्हणजे घट्ट झाले. वस्तुतः ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो आणि त्यातून दगडासारखा पदार्थ तयार होतो. म्हणून तर आपण त्याला वाळू देत नाही, वरून पाणी मारत राहतो. हा संयोग होताना उष्णता बाहेर पडते, आणि गंमत अशी की तो संयोग स्वतःही उष्णतेवरच चालतो. ऊब असेल तर भरभर, गारठा असेल तर हळूहळू. घरातल्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. वैशाखात रात्री लावलेले विरजण पहाटेलाच घट्ट लागलेले असते. पौषात त्याच भांड्याला घोंगडी गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. दह्याला किती तास झाले हे विचारण्यापेक्षा किती ऊब मिळाली हे विचारायला हवे. काँक्रीटचेही तसेच.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी आकड्यांत बसवली ती १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये. नर्स आणि सॉल या दोघांच्या नावाने ते सूत्र ओळखले जाते. ते इतके सोपे आहे की सातवीतल्या मुलाने सोडवावे. काँक्रीटचे तापमान गुणिले तास. तीस अंशांवर तीन दिवस, म्हणजे बहात्तर तास ठेवले, तर तीस गुणिले बहात्तर म्हणजे २१६० झाले. आता समजा थंडीच्या लाटेत तेच काँक्रीट सरासरी अठरा अंशांवरच राहिले. मग २१६० चा आकडा गाठायला १२० तास लागतील, म्हणजे पूर्ण पाच दिवस. (तापमान शून्यापासून मोजावे की शून्याखाली दहा अंशांपासून, याविषयी जाणकारांचे वेगवेगळे संकेत आहेत. आपण सोपेपणासाठी शून्य धरले.) या बेरजेला त्यांनी काँक्रीटची परिपक्वता असे नाव दिले. निफाडकडच्या लोकांना हिवाळ्यात पारा किती खाली जातो ते ठाऊक आहे. तिथल्या डिसेंबरातले सात दिवस आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातले सात दिवस हे पंचांगात सारखे असले तरी काँक्रीटच्या हिशेबी सारखे नव्हेत.

आपल्या देशाच्या प्रमाण संहितेतही ही अट आहे, पण ती सहसा कुणी वाचत नाही. भारतीय मानक ४५६, सन २००० ची आवृत्ती. त्यात स्लॅबखालचे टेकू काढण्यासाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस सांगितले आहेत. तुळया असतील तर सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस. हे आकडे गावोगावच्या ठेकेदारांना तोंडपाठ असतात. त्याच्या आधीचे वाक्य मात्र असे सांगते की हवेचे तापमान पंधरा अंशांखाली जात नसेल, सिमेंट साधे पोर्टलँड असेल आणि पाणी नीट मारलेले असेल, तरच हे दिवस पुरेत. आज बाजारात बहुतेक ठिकाणी राखमिश्रित सिमेंट मिळते. त्याला बळ यायला जास्त वेळ लागतो. तेव्हा दिवसांचा आकडा घ्यायचा आणि अट विसरायची, याला काय म्हणावे?

या विसरण्याची किंमत किती असते हे अमेरिकेत एकदा भयंकर रीतीने दिसले. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी विलो आयलंड म्हणून गाव आहे. तिथे वीजकेंद्रासाठी काँक्रीटचा प्रचंड शीतक मनोरा, म्हणजे गरम पाणी थंड करण्याचा धुराड्यासारखा मनोरा, बांधला जात होता. रोज सुमारे पाच फुटांचा एक थर चढवायचा, आणि पुढच्या थराचे मचाण आधीच्या थरांनाच बोल्टांनी अडकवायचे, अशी पद्धत. म्हणजे मजूर ज्या मचाणावर उभे, ते मचाण कालपरवाच्या काँक्रीटला लटकलेले! २७ एप्रिल १९७८ च्या सकाळी मनोरा १६६ फुटांवर पोचला होता. आदल्या दिवशी ओतलेल्या अठ्ठाविसाव्या थरावर नव्या थराचा भार येऊ लागला आणि वरची कड आतल्या बाजूला सोलून निघाल्यासारखी गोल फिरत खाली आली. तिच्याबरोबर मचाण आणि मचाणावरची एक्कावन्न माणसे. एकही वाचला नाही. त्यांत एकाच कुटुंबातले कितीतरी जण होते.

तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने पुढे तपास केला. निष्कर्ष असा निघाला की त्या थरातल्या काँक्रीटला पुरेसे बळ येण्याआधीच त्याच्यावर भार टाकला गेला. एप्रिलच्या त्या रात्री गारठा होता. काँक्रीट एक दिवसाचे झाले होते हे खरे, परंतु तो एक दिवस थंडीचा होता. याच संस्थेने त्याआधी १९७३ मध्ये व्हर्जिनियात कोसळलेल्या एका बहुमजली इमारतीचाही तपास केला होता. तिथेही कोवळ्या काँक्रीटखालचे टेकू लवकर काढले गेले होते. या दोन अपघातांनंतर परिपक्वतेच्या त्या जुन्या सूत्राकडे लोकांचे खऱ्या अर्थाने लक्ष गेले, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याचे रीतसर मानक तयार झाले.

आज ते सूत्र एका काड्यापेटीएवढ्या डबीत बसले आहे. ही डबी काँक्रीट ओतण्यापूर्वी सळईला तारेने बांधतात. तिच्यातून निघालेल्या बारीक तारेच्या टोकाला तापमान ओळखणारा मणी असतो. स्लॅब पडला की डबी आत गाडली जाते ती कायमची. दर पाव तासाला किंवा अर्ध्या तासाला ती तापमान टिपते, आणि इंजिनिअर मोबाइल घेऊन स्लॅबवर आला की सारी नोंद त्याला देते. काही डब्या तर माणूस येण्याचीही वाट पाहत नाहीत, जवळच्या पेटीमार्फत थेट कचेरीत आकडे धाडतात. मोबाइलमधला हिशेब सांगतो की, आज या स्लॅबचे बळ अमुक इतके झाले आहे, टेकू काढायला हरकत नाही, किंवा अजून दोन दिवस थांबा.

इथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घ्यायला हवी. विकणारे ती मोठ्या आवाजात सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. ही डबी बळ मोजत नाही. ती फक्त ताप मोजते. तापावरून बळाचा अंदाज बांधायचा तर त्याच मिश्रणाचे ठोकळे आधी प्रयोगशाळेत तयार करून, एक दिवसाचा, तीन दिवसांचा, सात, चौदा, अठ्ठावीस दिवसांचा असे दाबयंत्रात फोडून, कोणत्या परिपक्वतेला किती बळ येते याचा तक्ता मांडावा लागतो. तो तक्ता त्या मिश्रणापुरताच खरा. उद्या काम करताना कालवण घट्ट वाटते म्हणून कुणी दोन बादल्या पाणी जास्त ओतले, किंवा एक पोते सिमेंट वाचवले, तर डबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ती बिचारी पूर्वीच्याच तक्त्यावरून सांगत राहील की बळ आले! वैद्याने नाडी पाहिली आणि ताप नाही म्हटले, म्हणून रोग्याच्या पोटात विष नाही असे थोडेच ठरते? म्हणून ठोकळे फोडण्याची जुनी चाचणी सुटत नाही. डबी आली, तरी ठोकळे काढावेच लागतात. आणि डबी बांधायची तीही स्लॅबच्या उबदार मध्यावर नव्हे, तर जिथे वारा लागतो, जिथे काँक्रीट सर्वांत गार राहील आणि जिथे भार सर्वांत जास्त येईल, तिथे बांधली पाहिजे. सोयीच्या जागी लावलेला संवेदक सोयीचेच उत्तर देतो.

थंडीची ही बाजू झाली. उलट बाजूही आहे. काँक्रीटचा गोळा फार मोठा असेल, म्हणजे धरणाचा किंवा पुलाच्या पायाचा, तर आतली उष्णता बाहेर पडायला वाटच मिळत नाही. बाहेरचा थर निवतो, आकसतो. आतला तापलेला असतो, फुगलेला असतो. या ओढाताणीत भेगा पडतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर १९३१ ते १९३६ या काळात हूव्हर धरण बांधले गेले. ते एकसंध ओतले असते तर निवायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती असा हिशेब तेव्हा इंजिनिअरांनी केला होता. म्हणून त्यांनी ते ठोकळ्या-ठोकळ्यांनी बांधले आणि आत इंचभर व्यासाच्या लोखंडी नळ्या घालून त्यांतून थंड पाणी खेळवले. या नळ्यांची लांबी नऊशे किलोमीटरांहून अधिक भरली. कुठे किती ताप आहे हे कळावे म्हणून विजेवर चालणारे तापमापक काँक्रीटमध्ये पुरले होते. म्हणजे बांधकामाच्या पोटात संवेदक ठेवण्याची कल्पना आजची नव्हे. आज बदलले ते इतकेच की पूर्वी जे काम मैलोगणती तारा आणि वह्या घेतलेली माणसे करीत, ते लहानशा डबीत आणि खेड्यातल्या ठेकेदारालाही परवडू शकेल अशा खर्चात येऊ लागले आहे.

या जुन्या युक्त्यांतली एक मला फार आवडते. तुम्ही तुणतुणे पाहिले आहे. खुंटी पिळून तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. फ्रान्समधील धरणे बांधणारे थोर इंजिनिअर आंद्रे क्वान यांनी १९३० च्या सुमारास हेच तत्त्व काँक्रीटमध्ये नेऊन बसवले. एका छोट्या नळीत पोलादी तार ताणून बसवायची, तिची दोन्ही टोके नळीच्या टोकांना पक्की करायची, आणि ती नळी काँक्रीटमध्ये गाडायची. काँक्रीट दाबले गेले की तार किंचित सैल होते आणि तिचा सूर उतरतो. ताणले गेले की चढतो. तारेजवळच्या विजेच्या वेटोळ्याने तिला एक टिचकी मारायची आणि त्याच वेटोळ्याने तिचा सूर ऐकायचा. सुरातला फरक मोजला की काँक्रीटवर किती ताण आला ते कळते. सूर कितीही लांबच्या तारेतून आला तरी तो बदलत नाही, म्हणून अशी यंत्रे वर्षानुवर्षे विश्वासाने चालतात. आजही मोठ्या खोदकामांत, बोगद्यांत, धरणांत ही तुणतुणी वाजत असतात. ऐकणारा फक्त माणूस राहिलेला नाही.

मुंबईत कुलाबा ते सीप्झ असा जो मेट्रोचा भुयारी मार्ग झाला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. साडेतेहतीस किलोमीटर लांबीचा हा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. भुयार खोदणारी सतरा अजस्र यंत्रे त्यासाठी लावली होती. वर गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, म्हणजे शंभर-शंभर वर्षांच्या इमारती, लाकडी जिने, आणि त्यांत नांदती बिऱ्हाडे. खाली भुयार पुढे सरकले की वरची जमीन केसभर तरी खचणारच. ती केसभर खचली की बोटभर, हा प्रश्न महत्त्वाचा. म्हणून अशा इमारतींच्या भिंतींवर काचेचे छोटे लोलक बसवतात, आणि समोर ठेवलेली दुर्बीण आपली मान वळवीत एकेका लोलकाकडे पाहून तो जागचा हलला काय ते मोजत राहते. भिंतीवर कलमापक असतात, जुन्या भेगांवर भेगमापक असतात, जमिनीत नळ्या घालून पाण्याची पातळी पाहिली जाते. साध्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक भिंतीला एक ओळंबा लावला आणि तो पाहायला कधीही न झोपणारा गवंडी बसवला.

या आकड्यांना मर्यादा आखून दिलेल्या असतात. एक मर्यादा ओलांडली की सावध व्हायचे, दुसरी ओलांडली की उपाय करायचा, तिसरी ओलांडली की काम थांबवायचे. ऐकायला किती सोपे! परंतु मर्यादा आखणारा माणूस आणि काम पुढे रेटणारा माणूस एकच असला तर काय होते, ते सिंगापूरला विचारा.

सिंगापूरमध्ये निकोल हायवे नावाच्या रस्त्यालगत मेट्रोसाठी खोल चर खणला जात होता. सुमारे तीस मीटर, म्हणजे दहा मजली घर आडवे न करता उभे मावेल इतका. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि त्यांना पेलून धरणारे लोखंडी आडवे टेकू. संवेदक होते. भिंत किती वाकते ते मोजणाऱ्या नळ्या होत्या, टेकूंवरचा भार मोजणारी यंत्रेही होती. भिंत ठरल्यापेक्षा जास्त वाकू लागली आहे हे त्या यंत्रांनी बरेच आधी सांगितलेही. तेव्हा काम थांबवून दुरुस्ती करण्याऐवजी गणित पुन्हा मांडले गेले आणि मर्यादेचा आकडाच वर सरकवला गेला. मूळ आराखड्यातच मातीच्या बळाचा हिशेब चुकलेला होता, आणि टेकूंचे जोडही कमकुवत होते. २० एप्रिल २००४ च्या सकाळपासून जोडांपाशी ठोके पडल्यासारखे आवाज येत होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास सारे कोसळले आणि शेजारचा रुंद रस्ता त्या खड्ड्यात गेला. चार माणसे मेली. त्यांतल्या एका मुकादमाने आपल्या हाताखालच्या माणसांना बाहेर पडायला मदत केली होती. त्याचा देह शेवटपर्यंत हाती लागला नाही.

चौकशी समितीचा अहवाल पुढच्या वर्षी आला आणि त्यानंतर त्या देशाने खोल खोदकामाचे नियम कडक केले. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत जास्त टोचते ते हे की यंत्र मुके नव्हते. ते बोलत होते. घड्याळ पुढे गेले की काटे मागे फिरवावेत तसे त्याचे बोलणे फिरवले गेले. म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे की, संवेदकांचे आकडे ठेकेदाराच्या कचेरीत एकट्यापाशी राहता कामा नयेत. काम करून घेणारा, काम करणारा, आणि या दोघांशी काही देणेघेणे नसलेला तिसरा जाणकार, अशा तिघांकडे ते एकाच वेळी गेले पाहिजेत. आजच्या तंत्राने हे अगदी सहज शक्य आहे, कारण आकडा एका मोबाइलवर पाठवायचा काय आणि तिघांच्या पाठवायचा काय, खर्च सारखाच. आणि चौथाही एक हक्कदार आहे. तो म्हणजे त्या खड्ड्यात उतरणारा मजूर. त्याला आकडा नको, पण तांबडा दिवा आणि भोंगा तरी हवा, आणि भोंगा वाजल्यावर वर येण्याचा अधिकार हवा. त्या दिवसाचा रोज कापला न जाता!

मजुरांचा विषय निघालाच आहे तर थोडे आणखी. यारीवर आता भार मोजणारे यंत्र असते, वाऱ्याचा वेग मोजणारे असते. भार जास्त झाला की ते ओरडते. हेल्मेटमध्ये बसवलेले संवेदकही निघाले आहेत. मजूर फिरत्या यंत्राच्या फार जवळ गेला, किंवा उंचावरून पडला, तर ते खूण देतात. १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, आपल्या शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे गेली. त्या अपघाताच्या कारणांची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही. पण अशा उंचीवर, अशा वजनाखाली, रात्रीच्या पाळीत माणसे काम करतात हे आपल्याला त्या दिवशी कळले, एरवी नुसता रस्ता दिसतो. तिथे कल, भार आणि वारा मोजणारी साधने असणे ही चैन नव्हे. मात्र हेच हेल्मेट मजूर किती वेळ टेकला, किती वेळा पाणी प्यायला गेला, हेही मोजू शकते. तेव्हा ते त्याच्या जिवासाठी बांधले आहे की त्याच्या हजेरीसाठी, हा प्रश्न बांधण्याआधी विचारून घ्यावा. गाव सोडून कामावर जाणाऱ्या मुलांना शिक्षकांनी हे सांगून ठेवायला हरकत नाही.

मोजून ठेवलेले वाया जात नाही, याची साक्ष तर आपल्या कोयनेनेच दिली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणात बसवलेल्या यंत्राने त्या हादऱ्याची रेघ कागदावर काढली. धरणाला तडे गेले, पुढे ते मजबूत केले गेले. ती रेघ मात्र जगभरच्या इंजिनिअरांनी अभ्यासली, आणि धरणाच्या धक्क्याचे गणित शिकवताना आजही ती वापरली जाते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावच्या शाळेच्या खोलीला किंवा घरकुलाला या डब्या कोण लावणार? खरे आहे. एका स्लॅबसाठी काही हजार रुपये घालणे सर्वांना जमणार नाही. परंतु त्यामागची समज फुकट मिळते. स्लॅब कोणत्या तारखेला पडला, किती पोती सिमेंट गेले, पोत्यावर कोणत्या प्रकारचे नाव होते, सकाळचे आणि रात्रीचे तापमान किती होते, पाणी किती दिवस मारले, हे एका पाटीवर खडूने लिहून जागेवर टांगले तरी पुष्कळ झाले. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकली पाहिजे, कोरड्या कडक उन्हात त्याहून अधिक. थंडीची लाट असेल तर टेकू आणखी ठेवायचे. भाडे थोडे जास्त पडेल, पडू द्या.

आणि शिक्षक मंडळींसाठी एक प्रयोग. अर्धा किलो ताजे सिमेंट आणि त्यात दोनशे मिलिलिटर पाणी कालवा. हातात मोजे घाला, कारण ओले सिमेंट कातडी भाजते. हा लगदा जाड प्लॅस्टिकच्या पेल्यात भरून, तो पेला भुसा किंवा कापूस भरलेल्या खोक्यात ठेवा. लगद्यात काचेची बंद टोकाची पातळ नळी उभी करा, तिच्यात थोडे तेल घाला आणि त्यात प्रयोगशाळेतला साधा तापमापक सोडा, म्हणजे तो अडकून बसणार नाही. तसाच दुसरा पेला गार पाण्याच्या भांड्यात ठेवा. सकाळी शाळा भरण्याआधी सुरुवात करा आणि दर तासाला दोन्हींचा आकडा मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. पहिले काही तास फारसे काही होत नाही, मुले कंटाळतील. मग खोक्यातल्या पेल्याचा पारा चढू लागेल. उच्चांक बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येतो, तेव्हा जवळ राहणाऱ्या एखाद्या चिकट मुलाला ते काम द्या, तो सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेल्यांवर खिळ्याने ओरखडा काढून पाहू द्या, कोणता अधिक कठीण झाला आहे तो. आलेखाचा कागद असेल तर दोन रेघा काढून घ्या आणि त्या वर्गात लावा. चहाचा थर्मास मात्र या प्रयोगासाठी कुणी आणून देत असला तरी घेऊ नका. सिमेंट आत बसले की त्यातून पुन्हा चहा काही मिळायचा नाही.